नऊ बाटल्या घेऊन दौंडला

एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार शहाणी समजणार नाही. तेवीस वर्षांची असताना मी एका वाडीच्या विहिरीचं पाणी तपासणीसाठी आणायला गेले आणि पाणी भरण्याआधी बाटली धुतली.

बाटली धुणं हा काय गुन्हा आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. नोकरीला लागून सव्वा महिना झालेला. प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली बाटली मिळायची, तोंडाला खाकी कागद बांधलेली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. ती बघून मला घाम फुटला. वाटलं, शिपायाने नीट विसळली नाही, साबण राहिलाय. आमच्या आळीतून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली मुलगी. माझ्या हातात घाण बाटली दिसली तर लोक काय म्हणतील, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग काय, बाईसाहेबांनी त्याच विहिरीच्या पाण्याने बाटली तीनदा खळखळून धुतली, पदराने पुसली, उन्हात धरून चकाकते का पाहिली आणि मगच भरली. वर कागदही कसा झोकात बांधला!

आता त्या पुडीचं काम एकच असतं, ब्लीचिंगचा जोर मोडायचा. विहिरीत आदल्या दिवशी ब्लीचिंग टाकलेलं होतं. पूडच नाही म्हटल्यावर ते बाटलीतही जंतू मारत राहिलं. चार तासांच्या एसटीत, माझ्या मांडीवर, सगळे बिचारे मेले. ‘पाणी पिण्यास योग्य’ असा अहवाल गेला. आठवड्यात विहिरीतल्या ब्लीचिंगचा अंमल उतरला आणि निम्मी वाडी जुलाबाने आडवी झाली. कुणी दगावलं नाही हे त्यांचं नशीब, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

त्या चकचकीत बाटलीची लाज बाळगत मी पुढे पस्तीस वर्षं पाण्यातले जंतू ओळखले. निवृत्त होऊन शिरूरला नातवंडांना छळत सुखात बसले होते, तर यंदाच्या मार्चात दौंडहून नंदाचा फोन आला.

नंदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नवरा गेल्यापासून रेल्वेच्या रुळांपलीकडच्या एका वसाहतीत खानावळ चालवते. रेल्वेत कामाला असलेली एकटी माणसं तिच्याकडे जेवतात. त्या एका चुलीवर तिचं घर आणि लेकीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. एसटीडी बूथमधून ती एका दमात बोलली, “मावशी, वस्तीत नऊ जणांना मुदतीचा ताप, टायफॉईड आलाय. त्यातली पाच माझी गिऱ्हाइकं. माझ्या हातच्या जेवणानंच झालं म्हणतात. खानावळ बंद करायची सोसायटीची नोटीस आलीय. पुढच्या सोमवारी सभा.”

मी म्हटलं, “सभेला मी येते.”

“तू येऊन काय करणार?”

“ते तिथं आल्यावर बघू. भाकरी थापायला नाही येत, एवढं नक्की.”

शिरूर ते दौंड, सोमवार

स्मिता म्हणून एक मुलगी माझ्या हाताखाली शिकली, आता शिरूरमध्ये तिची स्वतःची लॅब आहे. तिच्याकडून नऊ बाटल्या वाफेत निर्जंतुक करून घेतल्या, प्रत्येकीत ती पांढरी पूड घालून. बर्फाचा डबा म्हणून कुल्फीवाल्याची जुनी पेटी मिळाली, लाल रंगाची, बाजूला गाय काढलेली. ती पेटी, गॉजपट्टीची बंडलं, दोऱ्याचं रीळ आणि दोन लुगडी घेऊन मी सभेच्या आठवडाभर आधीच न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या एसटीत चढले.

शेजारी एक पागोटंवाले आप्पा बसले होते. त्यांचा पेटीवरून डोळा हलेना. शेवटी राहवलं नाही.

“मावशी, कुल्फी हाय व्हय?”

“आत्ता रिकामी आहे. येताना भरून आणणार.”

“कसली? मलई का पिस्ता?”

“दौंडच्या गटारीची.”

आप्पांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, “आमच्या पोरीच्या गावाला बी गटारीचं लई हाय.” आणि तिथून पार भीमेच्या पुलापर्यंत त्यांनी मला पोरीच्या गावची गटारं सांगितली. भीमेत पाणी कमी, जलपर्णी फार. दोन्ही अंगांना ऊस तोडून झालेला, पाचट पेटवलेलं, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर खिडकीतून आत येई. चौफुल्याला उतरले तेव्हा समोरच्या तमाशाच्या थिएटरात कुणीतरी भर दुपारी ढोलकी तापवून बघत होतं. तरुणपणी मी इथून जाताना मान खाली घालायचे. आता चांगली उभी राहून ऐकली, चहा घेतला आणि पाटसकडून जाणाऱ्या जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसले.

आमच्या शिरूरला वेळ कळते ती रांजणगावच्या कंपन्यांच्या बसवरून. फर्स्ट शिफ्टची बस गेली की आमची चूल पेटते. दौंडला सगळा कारभार गाड्यांवर. “सोलापूर पॅसेंजर गेली का? मग डाळ टाक,” असं नंदा बोलते, आणि तिथे कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. भाषाही अशी की एका ओट्यावर तेलुगू, हिंदी आणि आपली मराठी एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. स्टेशनाबाहेर एका अण्णाची इडली खाल्ली. शेंगदाण्याची चटणी आपल्यासारखीच, फक्त तिच्यात मोहरी उड्या मारत होती.

नंदाच्या खानावळीत एरवी बावीस ताटं लागायची. त्या रात्री सहा लागली. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, खरपूस सुकटाची चटणी, आणि समोर रिकाम्या पाटांची रांग. मी दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या. दुसरं काय करता येत होतं?

जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, “उद्यापासून तीन दिवस सकाळी तुझी शी मला डबीत पाहिजे.”

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. “म्हंजी? तुला बी वाटतं मीच?”

“मला काही वाटत नाही. ताप येऊन गेलेल्या एखाद्या बाईच्या पोटात तो जंतू वर्षानुवर्षं राहतो, तिला कळतसुद्धा नाही. ती स्वयंपाकीण असली तर घात होतो. म्हणून बघायचं.”

“आन् निघाला तर?”

“तर मीच तुझी चूल बंद करीन. सोसायटीची नोटीस कशाला लागते?”

नंदा उठून आत गेली. भांडी घासताना तिने जो आवाज केला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. मी ओट्यावर बसून राहिले. खरं सांगते, तोंडाने फटकळ बोलले तरी मनात एकच होतं. तिचंच असलं तर?

दौंड, मंगळवार

वसाहतीत तीन गल्ल्या. गल्ल्या आणि रुळांचा भराव यांच्यामध्ये एक सखल जागा, तिथे घराघरांतलं सांडपाणी येऊन थांबलेलं. वर हिरवी साय, कडेला डुकरं. बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून पाइपाने गल्ल्यांत येतं. तो पाइप बरोबर या डबक्याखालून गेलेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वसाहत झाली तेव्हापासून तो तसाच होता, म्हणून आता तो कुणाला दिसत नव्हता.

टायफॉईडचा जंतू साध्या बाटलीत सहसा सापडत नाही. मोठ्या पाण्यात थोडेसे असतात, तुमच्या बाटलीत नेमके येतील कशाला? त्यासाठी गॉजपट्टीची घट्ट गुंडाळी करून दोऱ्याने पाण्यात सोडायची आणि दोन दिवस तशीच ठेवायची. पाणी तिच्यातून मुरत राहतं, जंतू अडकत जातात. सोमवारी संध्याकाळीच मी अशी एक गुंडाळी डबक्यात सोडून दोरा बाभळीला बांधून आले होते.

मंगळवारी सकाळी बघते तर दोरा कापलेला, गुंडाळी भरावावर फेकलेली आणि वर एक लिंबू ठेवलेलं! रात्रीतून बातमी पसरली होती की नंदाच्या म्हातारीने पांढऱ्या कापडाची बाहुली करून वस्तीवर करणी केली.

विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारी मी. माझ्यातल्या तेवीस वर्षांच्या त्या शहाणीने तिथे उभं राहून पाऊण तास भाषण दिलं असतं, आणि गुंडाळी पुन्हा कुणीतरी कापलीच असती. मी नवी गुंडाळी सोडली, लिंबू उचलून पदरात टाकलं आणि जमलेल्या बायांना मोठ्याने सांगितलं, “होय, करणीच आहे. जो हात लावील त्याला आठ दिवस जुलाब.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. गुरुवारपर्यंत गुंडाळीकडे कुणी फिरकलं नाही. लिंबाचं नंदाने सरबत केलं. अबोला होता तरी केलं.

मग मी सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पहिल्या गल्लीत घर, अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची, गावाकडे चाळीस एकर बागायत. माणूस वाईट नाही, पण बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतो.

“मावशीबाई, तुम्ही तिच्या सख्ख्या मावशी. तुमचा रिपोर्ट आमी कसा मानायचा?”

“नकाच मानू. बाटल्या मी देते, पाणी तुम्ही भरा. नंबर तुम्ही टाका. कुठल्या नंबरात कुठलं पाणी, ती यादी पाकिटात घालून तुमच्याच कपाटात ठेवा. मला फक्त नंबर कळतील. सभेत पाकीट तुम्हीच फोडा.”

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. यात कुठे खोच आहे ते त्यांना सापडेना. दारातून त्यांच्या बायकोने, विमलकाकींनी, खुदकन हसल्याचा आवाज आला.

“तुमच्या घरात कुणाला ताप?” मी विचारलं.

“पुतण्याला. सलाईन लावावं लागलं.”

“तो नंदाकडे जेवायचा?”

“ह्यॅ! आमच्यातलं कोण जेवतंय तिथं!”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला राग यायच्या आधी आनंदच झाला. आजारी नऊ. त्यातले चार या असल्या घरांतले, ज्यांनी नंदाच्या हातचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. मग त्यांच्या पोटात तिचं जेवण गेलं कसं? मी तात्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, “हवेतनं बी येत असंल.” मी म्हटलं, “हवेतून आलेलं चालतं वाटतं तुमच्यात?” आणि चहा न घेताच उठले. विचारला कुणी नव्हता, तेही खरंच.

दौंड, गुरुवार

पाणी पावणेसहाला येतं, वीस-पंचवीस मिनिटं टिकतं. नळाआधी सगळ्या बाया हजर. शिरूरला आम्ही नळ आला की पहिला हंडा झाडांना नाहीतर मोरीत ओततो, गंज असतो म्हणून. इथे मी उलटंच पाहिलं. पहिला हंडा विमलकाकींनी कुणाला हात लावू न देता थेट स्वयंपाकघरात नेला, पिण्याच्या माठात.

“पयला हंडा सोवळा असतोय ना,” त्या म्हणाल्या. “अजून कुणाच्या भांड्याला लागलेला नसतोय.”

पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि कुठे जोड सैल असेल तर पिचकारीसारखा बाहेरचं आत ओढून घेतो. डबक्यातून दिवसभर ओढलेलं सगळं दुसऱ्या सकाळी त्या पहिल्या हंड्यात पडतं. पण हे तेव्हा सांगून उपयोग नव्हता. माझ्याकडे अजून पुरावा कुठे होता?

तात्या म्हणाले, “पाणी जरा निवळू द्या, मंग भरू.”

“निवळलेलंही भरा आणि पहिलंही भरा. तीन गल्ल्या, तीन नळ, दोन-दोन बाटल्या.”

“पयल्या गल्लीत शेवटच्या घराचा नळ घेऊ.”

विमलकाकी कमरेवर हंडा घेऊन उभ्या होत्या. “का म्हून? आपला नळ काय पितळेचा हाय का सोन्याचा? आपलाच घ्या.”

तात्यांनी आपलाच घेतला. मी नळाला स्पिरिट लावायचं दाखवलं, झाकणाच्या आतल्या अंगाला बोट लावू नका म्हणून दोनदा ओरडले. तिसऱ्या गल्लीतला नळ नंदाचा. सहा बाटल्या झाल्या. सातवी टाकीची, आठवी नंदाच्या माठातल्या उकळलेल्या पाण्याची. नववीत डबक्यातली गुंडाळी, गच्च काळी झालेली. तात्यांनी नाकाला धोतराचा सोगा लावला आणि आपल्या वळणदार अक्षरात उलटेसुलटे नंबर टाकले. मी पाठ फिरवून उभी होते. नंदाच्या तीन डब्या तेवढ्या निराळ्या, त्या तिने सकाळी माझ्यासमोर आदळल्या होत्या.

परतीच्या एसटीत कंडक्टरने पेटीकडे बघून लगेज मागितलं. “यात काय हाय?” मी खरं ते सांगितलं. त्याने मला लगेज माफ केलं आणि आख्खी मागची सीट एकटीला दिली.

शिरूर, रविवार

जंतू ओळखणं म्हणजे बरंचसं वाट बघणं. पोषक पाण्यात एक दिवस, मग थाळीवर दोन दिवस, शरीराच्या उबेइतक्या उबेत. आतड्यातले नेहमीचे रहिवासी असतात ते लगेच वाढतात, नळीत बुडबुडा धरतात. ते दिसले की समजायचं, या पाण्यात कुणाचा तरी संडास मिसळलाय. टायफॉईडवाला त्यांच्या गर्दीत लपतो. त्याच्यासाठी वेगळी थाळी लागते. तिच्यावर तो काळा ठिपका धरतो, वर पत्र्यासारखी चमक.

रविवारी सकाळी स्मिताने नंदाच्या थाळ्या बाहेर काढल्या. मी म्हटलं, “आधी तू बघ.”

“मॅडम, तुम्हीच शिकवलंय, दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबू नका.”

“शिकवलं असेल. आज तू बघ.”

तिने पहिली थाळी उजेडात धरली. दुसरी धरली. तिसरीला तिला जरा जास्तच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात नंदाची चूल विझवली, तिच्या लेकीला नर्सिंगमधून काढलं आणि बहिणीसमोर मान खाली घालून उभी राहिले.

“काही नाही, मॅडम. तिन्ही साफ.”

मी स्टुलावर बसले. तिला म्हटलं, “पाणी दे.” आणि तिने आणलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी ते कुठलं आहे हे न विचारता प्यायले.

मग नंबरवाल्या. बाटल्या पेटीतून काढून थाळ्या स्मितानेच लावल्या होत्या, माझ्यापुढे नुसते नंबर. चार नंबरांत आतड्याचे रहिवासी निघाले: दोन, पाच, सहा आणि नऊ. त्यातल्या दोन नंबराच्या थाळीवर काळे चमकदार ठिपके, एक नाही, सात-आठ. काचपट्टीवर त्यातला एक घेतला, टायफॉईडच्या सीरमचा थेंब टाकला, पट्टी हलवली. दुधात लिंबू पडल्यावर फाटतं तसं ते आमच्या डोळ्यांसमोर फाटलं. पस्तीस वर्षांत शंभरदा पाहिलं असेल. तरी दुसरी पट्टी करून पुन्हा पाहिलं.

पण दोन नंबर म्हणजे काय? गुंडाळी, की नंदाचा माठ? मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्याची ही हौस माझीच होती.

दौंड, सोमवार

सभा टाकीखालच्या चौथऱ्यावर भरली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, नंदा कुणाच्याच बाजूला नाही. अबोला संपला नव्हता. थाळ्या साफ निघाल्याचं मी तिला दारातच सांगितलं, तर ती म्हणाली, “ते मला आधीच ठाऊक होतं.” मग नाक शिंकरायला आत गेली.

मी स्मिताच्या सहीचा अहवाल आणि बंद थाळ्या मांडल्या. नंदाचं आधी सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, “म्हातारी भाचीचं असंच सांगणार.” मी म्हटलं, “म्हणूनच बाकीचं मी सांगत नाही, तात्या सांगतील. दोन, पाच, सहा, नऊ. या चार नंबरांत माणसाच्या विष्ठेतले जंतू आहेत. आणि दोन नंबरात खुद्द टायफॉईडचा. तात्या, फोडा पाकीट.”

तात्यांनी चष्मा लावला. पाकीट फोडलं. सगळी सभा त्यांच्या ओठांकडे बघायला लागली. मी पण.

“दोन नंबर... डबकं.”

म्हणजे नंदाचा माठ नव्हे.

“पाच. नंदाबाईचा नळ, पयलं पाणी.”

“बघा!” तीन-चार जण एकदम बोलले. “म्हटलं नव्हतं? तिचाच नळ!”

“गप बसा जरा,” मी म्हटलं. “पुढचं ऐका.”

“सहा. मधली गल्ली, पयलं पाणी.” तात्यांनी कागद जरा लांब धरला, जरा जवळ घेतला. “नऊ...”

“वाचा की,” बायकांतून विमलकाकींचा आवाज आला. “स्वतःचं अक्षर वाचता येईना झालं व्हय?”

“नऊ. आमचा नळ. पयलं पाणी.”

मग मी त्यांच्याकडूनच बाकीचं वाचून घेतलं. टाकी साफ. निवळलेल्या पाण्याच्या तिन्ही बाटल्या साफ. नंदाचा माठ साफ. म्हणजे बोअर चांगली, टाकी चांगली, आणि टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेत डबकं पाइपात शिरतंय. नंदाची जी पाच गिऱ्हाइकं पडली ती याच गल्ल्यांत भाड्याने राहणारी, तिच्याकडे जेवून खोलीवर जाऊन नळाचं पाणी पिणारी. नंदाकडे पूर्वी जेवणारा रेल्वेतला एक फिटर उठून म्हणाला, “मैंने खुद देखा है, जॉइंट पे साइकिल का ट्यूब लपेटा है.” कुणी लपेटलं ते कुणी विचारलं नाही.

तात्या म्हणाले, “बरं. पाइपाचं बघू.”

“बघू नाही,” मी म्हटलं. “तारीख बोला. पाइप डबक्यातून वर उचलायचा, तोवर पहिला हंडा ओतून टाकायचा, आणि नंदाची नोटीस मागे, आत्ता, सोसायटीच्या याच वहीत. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला घरी काही काम नाही. तुम्ही तारीख बोलेपर्यंत मी इथे बसू शकते. जेवायची सोय चांगली आहे.”

लोक हसले. तात्यांनी वही उघडली. येत्या अमावास्येच्या आत पाइप वर उचलायचा, असं लिहिलं. नोटीस मागे घेतल्याचंही लिहिलं, फक्त ते वाचून दाखवताना आवाज जरा खाली गेला. मी म्हटलं, “ऐकू आलं नाही.” त्यांनी पुन्हा वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, जिंकलात की. मीही तशीच छाती काढून खानावळीत आले. नंदाने वीस माणसांची डाळ टाकली होती. त्या रात्री आठ ताटं लागली. पूर्वीचेच सहा, तो फिटर आणि मी. वहीतली नोटीस मागे घेता येते, पण आठ दिवस तोंडातून तोंडात गेलेलं कुणाच्या वहीत असतं? उरलेल्या डाळीकडे बघत नंदा म्हणाली, “लोकांना आता कळलंय गं. पन त्यांच्या जिभेला कळायचं हाय.” थाळीवर न दिसणाऱ्या जंतूचं मी काय करणार?

सकाळी रिकामी पेटी घेऊन निघाले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. पहिल्या गल्लीतून जाताना विमलकाकींनी मला हाक मारली. त्यांच्या अंगणातला पहिला हंडा उपडा होता, पाणी दगडावरून वाहून चाललं होतं. शेजारच्या दोन-तीन बाया घागरी धरून बघत उभ्या, दारात तात्या दाढीला साबण लावलेले. काकी माझ्याजवळ आल्या. पण बोलल्या ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

“मावशी, नंदाला निरोप द्या, आजपास्नं आमच्या घरी दोन डबे लावायचे. एक माझा, एक ह्यांचा. आन् ह्यांनी न्हाई खाल्ला, तर दोन्ही मी खाईन.”